मोत्या बर्फात नाचंल का?

मे महिन्यातली दुपार, जनावरांच्या दवाखान्यातला लांबट बाक, कोपऱ्यात घरघरणारा कूलर आणि ओल्या वाळ्याचा वास. बाहेर पारा ४३च्या आसपास. बाकावरच्या एका आजोबांनी मोबाइल शेजाऱ्यांपुढे धरला. टोरांटोत राहणाऱ्या नातवानं पाठवलेला व्हिडिओ होता. दार उघडतं, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि सोनेरी केसांचा रिट्रीव्हर पायरीवरून थेट त्यात झेपावतो, लोळतो, तोंड खुपसतो, फुर्रकन शिंकतो आणि अंगणाला वेड्यासारखे वेढे घालत सुटतो. बाकाच्या टोकाला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याच्या पायाशी फरशीला पोट चिकटवून, चारी पाय फाकून एक तांबूस गावठी कुत्रा ल्हाल्हा करत पडलेला. पोरानं तो व्हिडिओ दोनदा मागून बघितला आणि विचारलं, "ओ आजोबा, आमच्या मोत्याला असल्या बर्फात सोडलं तर तो पण असाच नाचंल का हो?" बाकावर हशा पिकला. "गारठून जाईल की बे तो!" असं कुणीतरी म्हणालं, तेवढ्यात पुढच्या नंबराची हाक आली आणि तो विषय तिथंच राहिला.

पोराचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. हसून सोडून देण्याइतका तो पोरकट नाही. बर्फात कुत्रा नाचतो तेव्हा त्याच्या अंगात नेमकं काय चाललेलं असतं, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. आणि ते कळलं की सोलापूरच्या उन्हात फरशीला पोट लावून पडलेला कुत्राही वेगळा दिसू लागतो.

बर्फात पहिल्यांदा उतरणारा कुत्रा बघायचा तर पहिली पंधरा-वीस सेकंदं चुकवू नयेत. उड्या मारणारे व्हिडिओ सगळीकडे फिरतात, पण बरेच कुत्रे आधी उंबऱ्याशीच थबकतात. कान पुढे, शेपूट ना वर ना खाली. पुढचा एक पंजा टेकतात, तो आत जातो, की चटकन मागे. गारव्याच्याही आधी त्यांना खटकते ती ही पायाखालून सरकणारी जमीन. फरशी, माती, डांबर, गवत, यांतलं काहीच असं खचत नाही. मग नाक खाली जातं, बर्फाचा भुगा नाकपुडीत शिरतो, शिंक येते. मग जीभ. मग चावा. चावलेली वस्तू दातांत सापडत नाही, पाणी होऊन निघून जाते, म्हणून पुन्हा चावा. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेवर अंग सैल पडतं, पुढचे पाय पसरतात, छाती खाली आणि पार्श्वभाग वर जातो. खेळायला बोलावण्याची ही कुत्र्यांची रीत मार्क बेकॉफ या अमेरिकन अभ्यासकानं अनेक वर्षं बारकाईनं पाहिली. खेळात जो चावा गैरसमजाचा ठरू शकेल त्याच्या आगेमागे कुत्रे हे आसन घेतात, असं त्याला दिसलं. बर्फासमोर एकटाच कुत्रा हे आसन घेतो तेव्हा तो मालकाला तरी बोलावत असतो, नाहीतर त्या हलत्या-निसटत्या पांढऱ्या वस्तूलाच. दुसऱ्या वाटेवर पाठीला कमान येते, शेपूट पोटाखाली जाते, पाय आळीपाळीनं उचलले जातात. जीभ ओठांवरून फिरते, अवेळी जांभई येते, नजर पुनःपुन्हा दाराकडे किंवा गाडीकडे वळते. तो कुत्रा घाबरलेला किंवा गारठलेला आहे. त्याच्या पाय उचलण्याला नाच समजून लोक हसत बसतात, तेव्हा जीव तुटतो.

पहिल्या वाटेवरचा कुत्रा मात्र सुसाट सुटतो. पार्श्वभाग आत ओढून, पाठ खाली दाबून, गोल गोल, मधेच दिशा बदलून. हल्ली आपल्याकडेही याला झूमीज म्हणतात. आंघोळीनंतर घरभर धावणारा कुत्रा हेच करत असतो. बर्फात ते लांबतं, आणि त्यामागचं मोठं कारण उष्णतेचं आहे असं मला वाटतं. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा तापलेलं, ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. धावताना स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेतला सुमारे तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होतो. माणसाला ती घामावाटे सर्वांगातून टाकता येते. कुत्र्याचा घाम येतो पंजाच्या गाद्यांना, तो नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापेवर. आता कंबर तलावाच्या काठानं एप्रिलमध्ये सकाळी आठला चेंडू फेकून बघा. सात-आठ फेऱ्या झाल्या की लॅब्रेडॉर चेंडू तोंडात धरून सावलीत बसकण मारतो. लोक म्हणतात, आळशी आहे. त्याचं अंग तापलेलं असतं आणि उष्णता टाकायला जागा नसते, एवढंच. दुपारी तर हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम. तेव्हा गारवा मिळतो तो फक्त जिभेवरची ओल उडण्यातून, आणि त्यासाठी पोटात पाणी हवं. बर्फावर हे सगळं उलटं होतं. प्रत्येक श्वास थंड, पोट घासलं की उष्णता जाते, लोळलं की जाते, पाय टेकला की जाते. थांब म्हणून सांगणारा अंगातला आवाज उशिरा येतो, म्हणून तो थांबत नाही.

नाकाचं प्रकरण आणखी निराळं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. गल्लीतून फिरताना तो प्रत्येक खांबापाशी कोण कधी आलं-गेलं ते वाचत असतो. रात्री बर्फ पडला की हे सगळं झाकलं जातं, आणि थंडीत वासाचे कण हवेत कमी उडतात. म्हणून तो नाक वर धरून चालायचं सोडून सरळ खाली खुपसतो आणि नांगरासारखा पुढे ढकलत नेतो. मधेच थबकून, कान टवकारून, चारी पाय उचलून नाकावर झेप घेतो. बर्फाखालच्या उंदराची खुडबुड ऐकून कोल्हा अशीच झेप घेतो. या नाकाची आणखी एक गंमत २०२० साली स्वीडन आणि हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवली: कुत्र्याच्या नाकाचा ओला गार शेंडा दूरवरून येणारी मंद उष्णताही ओळखतो. चोहीकडे गारठा असताना कोपऱ्यात दडलेलं ऊबदार जिवंत काहीतरी त्याला जाणवत असेल, तर त्याची ती खोदाखोद उगाच नसावी.

आणि पाय. अनवाणी पाय बर्फावर, तरी कसं चालतं त्याला?

जपानमध्ये हिरोयोशी निनोमिया आणि सहकाऱ्यांनी २०११ साली याचं उत्तर मांडलं. पंजाच्या गादीत गरम रक्त आणणाऱ्या धमनीभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. गार होऊन परत निघालेलं रक्त या जाळ्यातून जाताना धमनीतली ऊब उचलतं आणि गरम होऊनच अंगात शिरतं. म्हणजे पंजा गार राहतो, पण गोठत नाही आणि छाती-पोट थंड पडत नाही. गाद्यांत चरबी आणि चिवट तंतू भरपूर, ते चटकन थिजत नाहीत. ही रचना हस्कीची मक्तेदारी नाही, कुत्रा जातीचीच आहे. मोत्याच्या पायातही तीच. पण तिला मर्यादा आहेत. वर पापुद्रा धरलेला बर्फ काचेसारखा कापतो. परदेशात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते भेगांत शिरून आग करतं आणि कुत्र्यानं चाटलं की उलट्या होतात. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत, जिथं धावणारे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या बर्फातलेच, तिथंसुद्धा प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बरोबर बाळगायचा नियम आहे. त्यावरून काय ते समजावं.

तर मोत्या नाचेल का? माझं उत्तर: पाच-दहा मिनिटं नक्की नाचेल. गावठी कुत्रा चौकस असतो, पायांचा खंबीर असतो, आणि नव्या वस्तूशी खेळायची खोड कुठल्या जातीची नसते. पण त्याचे केस आखूड, खालची लव विरळ आणि अंगावर चरबी बेताची. पळतोय तोवर ठीक. थांबला की थंडी चढते. लॅब्रेडॉरचं बरं आहे. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कोळ्यांबरोबर राबणारे. बाहेर तेलकट केस, आत दाट लव, बोटांमध्ये पडदा. तरी सोलापुरात वाढलेला लॅब आणि कॅनडात वाढलेला लॅब यांत फरक पडतोच, कारण हिवाळी लव दिवस लहान होत जातात आणि गारठा वाढतो तशी आठवड्या-आठवड्यांनी दाट होते. डिसेंबरात इथं रात्री तेरा-चौदा अंश आणि दुपारी तीस. त्यात लव काय दाटणार? पॉमेरियनला केस भरपूर, पण जीव लहान. लहान शरीर भराभर निवतं, शिवाय वीतभर बर्फ त्याच्या छातीपर्यंत येतो. पगला थंडीचाही त्रास आणि उंचीवरच्या विरळ हवेचाही. त्याला नेऊच नये.

कारवानीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो आपला आहे. सोलापूर, लातूर, सांगली, पलीकडे कर्नाटकातलं मुधोळ, या पट्ट्यातला हा शिकारी कुत्रा म्हणजे पाय, छाती आणि पातळ कातडी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, २००५ साली मुधोळ हाउंड या नावानं तो टपाल तिकिटावर आला, पुढे लष्करानंही त्याला घेतलं. उघड्या माळावर सशामागे सुटलेला कारवानी बघितला की डोळ्याचं पारणं फिटतं. पण त्याचं सगळं अंग उष्णता टाकण्यासाठी घडलेलं आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. केस बोटभरही नाहीत, चरबी नाहीच, कान-शेपूट पातळ. भुसभुशीत बर्फात तो एखादी लांब धाव घेईल, ती देखणीच असेल, आणि पाचव्या मिनिटाला कुडकुडत तुमच्या पायात शिरेल. पशमीला, म्हणजे कारवानीच्याच लांब केसांच्या प्रकाराला, कान-शेपटीवर झालर असते, तिचा ऊब म्हणून काही उपयोग नाही. उलट बर्फ त्या झालरीलाच चिकटतो.

तरी न्यायचंच असेल, आणि हल्ली सोलापूरचीही बरीच मंडळी कुत्र्यासह मनालीचे बेत आखतात, तर तयारी महिनाभर आधी इथंच सुरू करावी. रेल्वेनं जायचं तर पहिल्या वर्गाच्या एसीतला कूपे, म्हणजे दोन बर्थचा बंद कप्पा, पूर्ण स्वतःचा हवा, कुत्र्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. दुसरा पर्याय गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्याचा. जानेवारीच्या रात्री उत्तर भारतातून त्या लोखंडी खोक्यात कुत्रा पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कूपे मिळाला नाही तर बेत रद्द करावा. जागा निवडताना उंचीकडे बघावं. मनाली २,०५० मीटर, सोलांग खोरं २,५०० च्या आसपास, जानेवारी-फेब्रुवारीत तिथं बर्फ सहसा सापडतो. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला गेलात की ३,००० मीटरच्या वर पोचता. सोलापूर साडेचारशे-पाचशे मीटरवरचं. पहिल्या दिवशी कुत्र्याला नुसतं फिरवावं, पळवू नये. धाप थांबत नसेल, खाणं टाकलं असेल, तर वर चढू नये.

घरच्या तयारीत बूट सगळ्यात वेळखाऊ. कागदावर पंजा टेकवून, त्याच पायावर भार द्यायला लावून आकार काढावा; भार दिला की पंजा पसरतो, नुसता उचलून मोजला तर बूट घट्ट होतो. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात, हे दुकानदार सांगत नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, तेही जेवणाच्या वेळी. कुत्रा पाय उंच उंच फेकत चालतो. हसू येतं, पण त्याच्या दृष्टीनं पायाखालची जमीनच गेलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो विसरतो. पट्टा आणि पाय यांत करंगळी कशीबशी जावी इतपतच आवळावा. बर्फात दर वीस-पंचवीस मिनिटांनी सोडून बघावं, आत बर्फ गेला असेल तर बुटापेक्षा अनवाणी बरं. बोटांमधले केस गाद्यांच्या पातळीला बोथट टोकाच्या कात्रीनं कापावेत. नखं कापावीत, पण अगदी खोल नको. निसरड्यावर तीच पकड देतात. बाहेर पडण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीनचा पातळ थर. खोबरेल तेल नेणार असाल तर ध्यानात ठेवा, ते २४ अंशांखाली थिजतं. मनालीत बाटलीतून बाहेरच येणार नाही. झाकण रुंद असलेली डबी घ्या.

पांघरुणाच्या बाबतीत सोलापूरकर चुकतात ते प्रेमापोटी. चादर आपली, जगात नावाजलेली, पण ती सुती. सूत ओलं झालं की ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब ओढतं. चादर गाडीच्या सीटवर, कोरडी. बर्फात बसायला अंथरायची असेल तर घोंगडी. माणदेशाकडून येणारी धनगरी घोंगडी खरखरीत असते, तिला वास असतो, तिची कुसळं मोटारीत महिनाभर सापडतात, पण लोकर भिजली तरी काही ऊब धरून ठेवते. धनगराचं कुत्रं माळावरच्या थंडीत घोंगडीच्या टोकाशी मुटकुळं करून झोपतं, त्याला हे ठाऊक आहे. आणि पुसायला मात्र आपल्या सोलापुरी टॉवेलसारखं दुसरं काही नाही. उभ्या फाशांचं ते टर्किश कापड पाणी झटकन पितं. एका लॅबला तीन टॉवेल धरावेत: एक पाय-पोटाला, एक अंगाला, तिसरा कोरडा शेवटून फिरवायला.

बर्फावर पोचल्यावर पट्टा सोडायची घाई नको. पाच-सहा मीटरची लांब दोरी लावावी. बर्फानं कुंपणं बुजतात, नाले झाकले जातात, वास पुसले जातात. मोकळा सुटलेला कुत्रा आल्या वाटेनं परत येईल याची खात्री नसते. उचलून बर्फात ठेवू नये, ढकलू नये. तुम्ही चार पावलं पुढे जाऊन खाली बसा, आणि त्याला हवं तेव्हा येऊ द्या. आला तर मूठभर भुगा हवेत उडवा. गोळा करून फेकू नका. लॅब तो झेलायला जातो, आणि दाबलेल्या गोळ्यात एखादा खडा असला की दात जातो. पहिला खेळ दहा मिनिटांचा, मग गाडीत, पुसून, पाणी पाजून. दिवसातून असे दोन-तीन खेळ एका लांबलचक खेळापेक्षा कितीतरी चांगले. खोल बर्फात पाय रुततो आणि अंग वळतं, तिथं मागच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याची भीती असते. जाड, बसक्या कुत्र्यांत तर फारच. म्हणून आधी पाच मिनिटं साधं चालवावं.

लांब केसांच्या कुत्र्याच्या पोटाला, काखेत, बोटांमध्ये बर्फाचे लाडू बांधले जातात. हे शून्य अंशाच्या जवळपासच्या ओलसर बर्फात जास्त होतं. कडक थंडीतला कोरडा बर्फ झटकला की पडतो. अंगाच्या उबेनं कण किंचित वितळतो, केसाला धरतो, पुन्हा गोठतो, त्यावर पुढचा थर. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटरवर, मठातल्या साधूंचे कुत्रे मूळचे आखूड केसांचे होते. वाटसरूंचे प्राण वाचवणारा बॅरीही तसाच. १८१४ साली तो गेला, त्याचा देह बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. पुढे न्यूफाउंडलंड कुत्र्यांशी संकर झाला, केस लांब झाले, आणि बर्फ केसांना लटकून कुत्रे जड व्हायला लागले. आपल्या मनातला झुपकेदार सेंट बर्नार्ड दिसायला रुबाबदार, पण त्या कामाला गैरसोयीचा. लाडू ओढून काढू नयेत, कात्री तर अजिबात लावू नये. कातडी सोबत येते. कोमट पाण्यात पाय धरून ठेवावा. सुटतात.

बर्फ खाण्याची हौस सगळ्यांनाच असते. चार घास चालतील. पण एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि ते पाणी अंगाच्या तापमानापर्यंत आणायला आणखी अडतीसेक. पाव किलो बर्फ पोटात गेला तर शरीराला जवळजवळ तीस किलोकॅलरी नुसत्या तो गरम करायला खर्चाव्या लागतात. लहान कुत्रा त्यानंच गारठतो, मोठ्याला जुलाब होतात. तहानही भागत नाही. ताजा बर्फ दहा वाट्या वितळवला तर पाणी वाटीभर. थर्मासमध्ये कोमट पाणी न्यावं आणि दर खेळानंतर पाजावं, तो मागो न मागो.

कधी थांबायचं? कुडकुडणं दिसलं की लगेच. कुडकुडत असताना अंग अजून लढत असतं. कुडकुडणं थांबलं, पण कुत्रा सुस्त, अडखळत चालणारा झाला, तर प्रकरण पुढे गेलेलं आहे. तापमान ३७ अंशांखाली गेलं की कोरडं करणं, लोकरीत गुंडाळणं, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या छाती-पोटाशी ठेवणं आणि डॉक्टर गाठणं. कानाची टोकं, शेपटीचं टोक, बोटं फिकट राखाडी आणि कडक लागली तर ती चोळू नयेत, केस वाळवायचं यंत्र लावू नये. ४० ते ४२ अंशांचं पाणी, इतकंच. चोळल्यानं गोठलेल्या पेशी आतल्या आत चिरडतात. कुत्र्यात हे नुकसान कधी कधी काही दिवसांनी काळं पडून दिसतं, म्हणून घरी परतल्यावरही आठवडाभर कान-शेपूट तपासत राहावं. लॅबची शेपूट दुसऱ्या दिवशी बुडखापासून लुळी लोंबत असेल तर घाबरू नये. थंड पाण्यात, ओल्या गारठ्यात फार हुंदडलं की शेपटीचे स्नायू असे दुखावतात. विश्रांतीनं बहुधा काही दिवसांत ती पुन्हा हलू लागते. डॉक्टरला मात्र दाखवावं. आणि जर्मन शेफर्ड असेल, त्यातून त्याला डोळ्यांचा जुना विकार असेल, तर उंचावरच्या बर्फाची तिरीप त्याला सोसत नाही.

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मला जास्त छळतं ते याचं उलटं चित्र: बर्फातले व्हिडिओ बघून इथं आणलेला हस्की. सैबेरियातल्या चुकची लोकांनी घडवलेलं हे जनावर. १९२५ साली माणसांच्या घटसर्पाचं, म्हणजे डिप्थेरियाचं, औषध हजारावर किलोमीटर बर्फातून अलास्कातल्या नोम गावाला पोचवलं ते अशाच कुत्र्यांनी, मालिकेनं धावत. त्या अंगाला सोलापूरचा एप्रिल म्हणजे शिक्षा आहे. नवा कुणी घेत असेल तर घेऊ नये, एवढंच हात जोडून सांगेन. ज्यांच्या घरात आहे त्यांनी त्याला भादरू नये. वरचे केस ऊनही अडवतात, आणि भादरलेली लव पुन्हा धड उगवेलच असं नाही. विंचरून सुटलेली लव काढावी, फिरणं पहाटे पाचला, रात्री डांबराला पालथा हात सात सेकंद टेकवता आला तरच बाहेर.

बर्फाचा खेळ मात्र इथंही देता येतो, हस्कीला आणि मोत्यालाही. पसरट प्लास्टिकच्या टबात चार बोटं पाणी, सावलीत. त्यात रात्रभर बादलीत गोठवलेला एक गड्डा सोडावा. कडक चौकोनी तुकडे चावायला देऊ नयेत, दाढेचा टवका उडतो. गोळ्यावाल्याच्या रंध्यावर किसतात तसा भुगा हवा, सरबताशिवाय. कारखान्यातली लादी आणणार असाल तर रंग बघा: महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे. तो कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. टबात बसवू नये. स्वतः पाय घालेल तर घालू द्या. पंजा टेकवून मागे घेणं, शिंक, चावा, पुढचे पाय पसरून पार्श्वभाग वर, सगळं तसंच होतं, फक्त लहान प्रमाणात. आणि उन्हानं कुत्रा कोसळलाच, हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, अंगाचं तापमान ४१ अंशांच्या पुढे, तर आधी रिक्षा शोधायला धावू नका. नळाचं पाणी पोटावर, काखेत, जांघेत सतत ओता, समोर पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो तापून उलट ऊब कोंडतो. ते ३९.४ अंशांवर आलं की पाणी थांबवा आणि मग दवाखाना गाठा, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून.